हार्गेट साहेबांचं आख्यान

गंगूबाई : थांब रे जमाल. ती ओळ परत वाच. कुठली कॅसेट म्हणते ती?

जमालुद्दीन : तुमचीच, मावशी. ऐका. "तू पाठवलेली शिवदासबुवांच्या कीर्तनाची कॅसेट आम्ही इथल्या मंडळात पंधरा-वीस जणांनी बसून ऐकली. सगळ्यांचे डोळे भरून आले."

गंगूबाई : मग चांगलंच की! माझी भाची कॅनडात जाऊनही कीर्तन ऐकते. तू तोंड का असं केलंयस? मघापासून बघते, चहावर साय धरली.

जमालुद्दीन : मी आधीच एकदा वाचलंय, म्हणून. पुढं ऐका. "बुवांनी आख्यानात ज्यांचं नाव घेतलं, ते हार्गेट साहेब आमच्याच प्रांतात एका पक्षाचे नेते आहेत, हे कळल्यावर आम्ही आनंदानं वेडेच झालो. यंदाच्या गणपतीत त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. ते आले. हार घालून घेतला, मांडी घालून बसले, मोदक खाल्ला. मग मी बुवांचं सगळं आख्यान इंग्रजीत करून माइकवरून वाचून दाखवलं."

गंगूबाई : अगं बाई! त्यांच्यासमोर? शाबास गं मथुरा. काय म्हणाले साहेब?

जमालुद्दीन : "साहेब काहीच बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, गहिवरले. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि लगेच निघाले. पण मावशी, मागच्या रांगेत इथल्या वर्तमानपत्राचा एक बातमीदार बसला होता."

गंगूबाई : बसेना का. मोदक दिला ना त्याला?

जमालुद्दीन : दिला असेल. हे त्याचं कात्रण. मथळा मराठीत सांगतो. "पक्षनेत्यानं परदेशी पोलिसांना खोटा जबाब दिला. भारतीयांच्या उत्सवात उघडकीस."

गंगूबाई : काय?

जमालुद्दीन : खोटा जबाब.

गंगूबाई : जळ्ळं मेलं त्याचं तोंड! खोटा कसला? अरे, साहेबानं दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतला. आपण दर वर्षी ऐकतो. इथं बहरीनमध्ये, बुदैयाच्या रस्त्यावर, कंपनीच्या साहेबाची गाडी बुवा चालवत होते. भाजीची गाढवगाडी आडवी आली, म्हातारा हाजी खाली पडला, पाय मोडला. बुवांकडे इथलं लायसन नाही, येऊन चारच महिने झालेले. साहेब पुढे झाले, बुवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोलिसाला म्हणाले, "गाडी मी चालवत होतो." याला खोटा जबाब म्हणतात?

जमालुद्दीन : मावशी, तुम्ही आत्ता जे बोललात, त्यालाच तिकडे खोटा जबाब म्हणतात. आपण टाळ वाजवले, त्यांनी मथळा छापला. गोष्ट एकच.

गंगूबाई : आई गं. हे माझ्यामुळं झालं.

जमालुद्दीन : बसा, बसा खाली. अजून आहे.

गंगूबाई : अरे, ती कॅसेट मी भरली. माझ्या टू-इन-वनवर. बुवा नको म्हणत होते. म्हणाले, कीर्तन डबीत घालू नये. मीच हट्ट केला. मथुराला तिकडे बर्फात एकटं वाटतं म्हणून.

जमालुद्दीन : तुम्हाला काय ठाऊक असणार! मी पेटीवर होतो, मला तरी कुठं कळलं? पुढचं सरकार साहेबांचं येणार असं कार्ड त्याच आठवड्यात आलं होतं. बुवांना आनंद मावेना. एरवी नुसतं "एक परदेशी सज्जन" म्हणायचे, त्या दिवशी नावगाव सगळं घेतलं.

गंगूबाई : आता काय होईल रे त्यांचं?

जमालुद्दीन : पुढच्या वर्षी तिकडे निवडणूक. यांचा पक्ष छोटा, सातच आमदार. पण या खेपेला सरकार यांचंच येणार असं सगळे म्हणत होते. का, तर दोन वर्षांपूर्वी साहेबांनी एका मंत्र्याला विधानसभेत उभा करून विचारलं, "या कागदावर तुमची सही आहे की नाही?" मंत्र्यानं खोटा कागद केला होता. मंत्रिपद गेलं त्याचं. तेव्हापासून साहेबांचं नाव झालं. हा माणूस खोट्याला सोडत नाही म्हणून.

गंगूबाई : आणि आता त्यांच्यावरच हे.

जमालुद्दीन : उद्या शनिवारी पक्षाचं अधिवेशन आहे. नेता ठेवायचा की काढायचा, मतं घेणार. साहेब गप्प आहेत. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आणि मथुराच्या नवऱ्यानं हा दुसरा कागद पाठवलाय, इंग्रजीत टाइप केलेला. पक्षाच्या लोकांनीच बनवून दिला म्हणे, साहेबांना न विचारता. बुवांनी खाली सही करायची.

गंगूबाई : काय आहे त्यात?

जमालुद्दीन : "मी कीर्तनात सांगितलेली गोष्ट काल्पनिक आहे. असा प्रसंग घडला नाही. श्रोत्यांच्या करमणुकीसाठी मी ती रचली."

गंगूबाई : करमणुकीसाठी!

जमालुद्दीन : उद्या सकाळी सातला मी ऑफिस उघडतो. आधी टेलेक्सनं मजकूर, मागून टपालानं सहीचा कागद. त्यांच्याकडे तेव्हा शुक्रवारची रात्र असेल. अधिवेशनाच्या आत पोचतो. साहेब सुटले, काम खलास.

गंगूबाई : बुवा करतील सही?

जमालुद्दीन : म्हणून तर तोंड असं झालंय. मी म्हणतो, आज कीर्तन होऊ दे. लोक पाचला येतील, सातला जातील. मग सांगू. आत्ता सांगितलं तर त्यांच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही.

गंगूबाई : लपव तो कागद. त्या डब्याखाली. आले बघ ते, जिन्यावर चिपळ्या वाजतायत पिशवीत.

(शिवदासबुवा आत येतात. कपाळाला बुक्का, अंगात कंपनीचा खाकी शर्ट.)

शिवदास : जय जय रामकृष्ण हरी! गंगूबाई, आज हमद टाउनहून इथं हूऱ्याला यायला तास लागला हो. तिकडे घरांपेक्षा चौक जास्त बांधलेत, गाडी फिरून फिरून तिथंच येते. संसारासारखं. अरे जमाल, पेटी अजून पेटीतच? आणि तुम्ही दोघं असे का बसलात? कुणी गेलं का गावी?

गंगूबाई : नाही हो बुवा. सगळे बरे आहेत. चहा टाकते.

शिवदास : चहा समोर आहे आणि चहा टाकते म्हणता. जमाल, तू सांग. तुझ्या तोंडाला खोटं जमत नाही, हातानं फक्त पेटी जमते.

जमालुद्दीन : बुवा, कीर्तन झाल्यावर बोलू.

शिवदास : मालूचं काही पत्र...

जमालुद्दीन : नाही नाही. वहिनी, पोरं, सगळे खुशाल. अल्ला शपथ. तुमच्या साहेबांचं आहे.

शिवदास : हार्गेट साहेबांचं? गेले?

गंगूबाई : नाही हो, जिवंत आहेत. सांग रे बाबा. आता अर्धं सांगून माणसाला मारू नकोस.

जमालुद्दीन : मावशींनी तुमची कॅसेट मथुराला पाठवली होती. मथुरानं साहेबांना गणपतीला बोलावून, तुमचं आख्यान इंग्रजीत वाचून दाखवलं. ते पेपरात आलं. पेपर म्हणतो, साहेबांनी बहरीनच्या पोलिसांना खोटं सांगितलं. उद्या त्यांचं नेतेपद जाईल.

शिवदास : हॅ!

जमालुद्दीन : बुवा...

शिवदास : काहीतरी वाचलंस तू. अरे, मी स्तुती केली त्यांची. देवाच्या पायाशी त्यांचं नाव घेतलं. स्तुतीनं कुणाचं वाईट होतं का?

जमालुद्दीन : हे कात्रण. हा फोटो. हार गळ्यात आहे, बघा.

शिवदास : साहेबच. किती पिकले हो. हे कपाळ... अरे, पण त्यांना लोक ओळखतात तिकडे! दर नाताळला कार्ड येतं मला. शहात्तरला इथून गेले, नोकरी नाही काही नाही. पहिल्यांदा उभे राहिले ते शाळेच्या बोर्डाला. मग विधानसभेला, पडले. लिहिलं होतं, "शिवदास, मी बर्फात दोन हजार घरांची दारं ठोकली आणि चारशे मतांनी हरलो, पण सगळ्यांच्या स्वयंपाकघरातली कॉफी पिऊन आलो." एकोणऐंशीला निवडून आले. ब्याऐंशीला पक्षाचा नेता. पत्रकं पाठवायचे मला. मला मत आहे का तिकडे? तरी पाठवायचे. अशा माणसाला पेपरवाला काय करणार?

जमालुद्दीन : त्या पत्रकावर वर काय छापलेलं असायचं, आठवतं? तुम्हीच मला वाचायला द्यायचात.

शिवदास : "सही म्हणजे शब्द."

जमालुद्दीन : तेच आता सगळे त्यांना विचारतायत. बहरीनच्या पोलिस ठाण्यात जबाबाखाली सही कुणाची?

शिवदास : अरे देवा.

गंगूबाई : बुवा, पाणी घ्या. घ्या आधी. माझं चुकलं हो, मी कॅसेट...

शिवदास : तुमचं काय चुकलं? शब्द माझे होते.

जमालुद्दीन : तोड आहे यावर. हा कागद. तुम्ही लिहून द्यायचं की आख्यान रचलेलं होतं, असं काही घडलं नाही. साहेब उद्या मोकळे. आणि तुम्हीही मोकळे, बुवा. हेही लक्षात घ्या. गाडी साहेबांचा ड्रायव्हर चालवत होता हे आता कॅनडात छापून आलंय, नाव तेवढं नाही. ते फिरून इथं यायला काय लागतं? तुम्ही कंपनीचे ड्रायव्हर. लायसन, व्हिसा, सगळं त्यावर. एका सहीत दोघं सुटता.

गंगूबाई : करा सही. मी सांगते. देवाला कळतं कशासाठी केली ते.

शिवदास : "करमणुकीसाठी मी ती रचली." असं लिहिलंय ना इथं? एवढं इंग्रजी वाचता येतं मला.

जमालुद्दीन : वकिली भाषा हो. सोडा.

शिवदास : गादीवर उभा राहून, गळ्यात वीणा घालून बोललो ते करमणूक?

जमालुद्दीन : बुवा, मी मुसलमान माणूस. तुमच्या गादीचा मान मी काय सांगू? पण आठ वर्षं त्या गादीशेजारी बसून पेटी वाजवतोय. माझ्या अब्बांनी विचारलं, कुठं जातोस दर जुम्म्याला नमाज झाल्यावर, तेव्हा सांगितलं, एका सच्च्या माणसाजवळ जातो. आज त्या सच्च्या माणसाला सांगतो, एकदा खोटं बोला. साहेब तुमच्यासाठी बोलले ना? फेडा की.

शिवदास : नाही बोलले.

जमालुद्दीन : म्हणजे?

शिवदास : साहेब माझ्यासाठी आधी खोटं बोलले नाहीत, जमाल.

गंगूबाई : काय म्हणताय हो?

शिवदास : पोलिस आला. जीपमधून उतरला. हाजी रस्त्यात पडलेला, मेथी, मुळे सगळीकडे, गाढव उभं. पोलिसानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? साहेब हाजीपाशी गुडघ्यावर बसले होते, त्याच्या पायाला आपला टाय बांधत होते. त्यांची पाठ होती आमच्याकडे. मी उभा होतो. आणि मी बोट केलं.

गंगूबाई : कुणाकडे?

शिवदास : साहेबांकडे.

गंगूबाई : बुवा!

शिवदास : नुसतं बोट नाही. तोंडानंही म्हणालो, "साहेब ड्रायव्हिंग." हे दोन शब्द. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग पोलिसाकडे बघून म्हणाले, "येस."

जमालुद्दीन : या अल्ला.

शिवदास : खांद्यावर हात वगैरे काही नव्हतं.

जमालुद्दीन : पण आख्यानात... बुवा, "खांद्यावर हात" आलं की मी वरचा सा धरून ठेवतो. लोक रडायला लागतात. आठ वर्षं मी तिथं सा धरतोय!

शिवदास : पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फक्त बोट गाळलं. म्हटलं, श्रोत्यांना काय करायचंय त्याचं. पुढच्या वर्षी खांद्यावर हात ठेवला. मग साहेबांच्या तोंडी एक वाक्य घातलं. आख्यान रंगवावं लागतं ना. साहेब दर वर्षी मोठे होत गेले, आणि त्यांच्यामागे माझं बोट झाकत गेलं. तुम्हाला सांगतो, मलाही कधीकधी तो हात आठवायचा. खांद्यावर. ऊब लागायची.

गंगूबाई : मी रडले हो त्या हातावर. माझा दीर मला घराबाहेर काढत होता, तेव्हा कुणी पुढे झालं नाही. मी म्हणायची, असाही एक माणूस असतो जगात, जो आपणहून पुढे येतो. त्या हातावर मी इथे पोळ्या लाटत दिवस काढले. आणि तुम्ही म्हणता तो हातच नव्हता?

शिवदास : नव्हता, गंगूबाई.

गंगूबाई : का केलंत असं?

शिवदास : कारण सांगायला लागलो की परत आख्यान होईल. भ्यालो. एवढंच आहे.

जमालुद्दीन : आणि साहेब? नंतर काही बोलले नाहीत तुम्हाला?

शिवदास : एक शब्द नाही. दोन रात्री ठाण्यात बसले. त्यांचं लायसन सहा महिने बंद. पंधरा दिवसांनी माझी टेस्ट झाली, मला लायसन मिळालं. मग दर शुक्रवारी ते हाजीच्या घरी जायचे, फळं घेऊन. त्यांना घेऊन कोण जायचं? मी. ते आत हाजीशी खजूर खात बसायचे, मी बाहेर गाडीत. हाजी बरा झाला, काठीनं चालायला लागला, तरी मी उतरलो नाही. पुढे साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट कंपनीनं वाढवलं नाही, पोलिसांच्या त्याच शेऱ्यावरून. म्हणून तर गेले ते गावी. नाहीतर ते इथंच राहिले असते, इंजिनियर म्हणून. ते शाळेचं बोर्ड, ती विधानसभा, ते नेतेपद, सगळं त्या बोटापासून सुरू झालं. आणि आता माझ्याच तोंडानं संपवलं.

गंगूबाई : मला तुमच्याकडे बघवत नाही, बुवा.

शिवदास : नका बघू.

जमालुद्दीन : मावशी, जरा थांबा. बुवा, आता माझं ऐका. मग तर ही सही खोटीसुद्धा नाही! तुम्ही म्हणताच आहात की आख्यान रचलेलं होतं. "जसं सांगितलं तसं घडलं नाही." बरोबर आहे की ते! करा सही आणि मोकळे व्हा.

शिवदास : अर्धं खरं मी आठ वर्षं सांगतोय, जमाल. त्याचीच ही फळं. नाही. तू कागद घे. कोरा. मी मराठीत सांगतो, तू इंग्रजीत कर.

जमालुद्दीन : नीट विचार करा. हा काही नाताळचा निरोप नव्हे.

शिवदास : घे म्हणतो ना. लिही. "मी शिवदास, ड्रायव्हर. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली बुदैयाच्या रस्त्यावर गाडी मी चालवत होतो. माझ्याकडे लायसन नव्हतं. पोलिसानं विचारलं तेव्हा खोटं पहिल्यांदा मी बोललो. मी साहेबांकडे बोट केलं. ते मला खोटं पाडू शकले असते. त्यांनी पाडलं नाही." लिहिलंस?

जमालुद्दीन : थोडं हळू. "... त्यांनी पाडलं नाही." हं. हे छापलं तर लोक म्हणतील, साहेब फसले, दयाळू होते. कदाचित ठेवतीलही त्यांना नेता. पण तुमचं काय होईल?

शिवदास : लायसन जाईल. व्हिसा जाईल. संगमेश्वरात रिक्षा चालवीन, दिलीच कुणी तर.

गंगूबाई : आणि मालूला काय सांगाल? तिला तुम्ही काय सांगितलंत आजवर?

शिवदास : आख्यानच सांगितलंय.

गंगूबाई : बायकोचीही करमणूकच केलीत म्हणजे. थांबा, फोन वाजतोय. या वेळेला कोण? हॅलो? हॅलो... अगं मथुरा! कुठून बोलतेस? कॅनडाहून? अगं, केवढं बिल येईल! हो, मिळालं पत्र. आजच. इथेच आहेत दोघं... काय? कधी? अगं, मोठ्यानं बोल... काल संध्याकाळी?

जमालुद्दीन : काय झालं, मावशी?

गंगूबाई : साहेबांनी राजीनामा दिला. काल. टीव्हीवर येऊन.

शिवदास : दिला?

गंगूबाई : हो गं, ऐकतेय, सांग... म्हणते, अधिवेशनाची वाटच बघितली नाही. समोर सगळे पेपरवाले. साहेब म्हणाले, मी दुसऱ्याला सहीबद्दल जाब विचारला, तेव्हा माझी सही खोटी होती. मला या खुर्चीत बसता येत नाही. नेतेपद सोडलं आणि आमदारकीही सोडली. म्हणते, बायको शेजारी उभी होती, तिलाही त्याच वेळी कळलं असं वाटलं... काय गं? हां. कुणीतरी विचारलं, तो ड्रायव्हर कोण? साहेब म्हणाले, नाव सांगणार नाही. गाडीची किल्ली मी दिली, त्याच्याकडे लायसन नाही हे मला ठाऊक होतं... आणि...

शिवदास : आणि काय?

गंगूबाई : परत सांग गं. नक्की असंच म्हणाले? एकानं विचारलं, ड्रायव्हरनं तुम्हाला तसं बोलायला लावलं का? तर म्हणाले, "नाही. मला कुणीही काही सांगितलं नाही. मी आपणहून पुढे झालो." ... हो. सांगते त्यांना. सही नको आता, समजलं. ठेव गं, ठेव. रडू नकोस. तुझं काही चुकलं नाही. ठेव.

शिवदास : आपणहून म्हणाले?

गंगूबाई : आपणहून.

शिवदास : पुन्हा? सगळं सोडायला उभे राहिले, खरं बोलायला उभे राहिले, आणि तिथंही माझं बोट पुन्हा झाकलं?

जमालुद्दीन : त्यांनी तुमचं आख्यान ऐकलं होतं, बुवा, त्या गणपतीत. तुम्ही जसं सांगितलंत, तसंच त्यांनी बोलून दाखवलं.

शिवदास : असं नको रे बोलूस.

जमालुद्दीन : मग या कागदाचं काय करू? कुणालाच नको आता हा. तुमच्या सहीची वाट बघणारं कुणी राहिलं नाही. फाडू?

शिवदास : फाडू नको.

जमालुद्दीन : पेपरला पाठवू म्हणता? पाठवला तर लोक म्हणतील, हार्गेट राजीनामा देतानाही खोटं बोलला. तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा खाली ओढाल.

शिवदास : पेपरला नको. पक्षालाही नको. साहेबांच्या घरी पाठव, त्यांच्या एकट्याच्या नावानं. कार्डाच्या मागे पत्ता आहे, मी देतो. पुढे त्या कागदाचं काय करायचं, ते त्यांनी ठरवावं. अकरा वर्षं त्यांच्याशी यावर बोललो नाही मी. एकदा त्यांच्या हातात पडू दे.

जमालुद्दीन : शेवटी काय लिहू? माफी?

शिवदास : माफी मागितली की त्यांना ती द्यावी लागेल. त्यांनी पुष्कळ दिलंय. नुसती माझी सही घे. इकडे कर.

जमालुद्दीन : इथे. खाली.

शिवदास : घे. शाई वाळू दे.

गंगूबाई : लोक यायला लागलेत खाली. चपलांचा आवाज येतोय. बुवा, मी सांगते त्यांना, आज कीर्तन नाही. बुवांना ताप आहे.

शिवदास : ताप नाहीये मला.

गंगूबाई : मग निदान दुसरं काही लावा. एखादं छोटं पौराणिक. लोक कोजागिरीच्या तयारीत आहेत, कुणी काही म्हणायचं नाही. तुमच्या कंपनीचे फोरमन बाळाजीसुद्धा आलेत. तो बघा त्यांचा खोकला. ते नेहमी पुढच्या ओळीत बसतात. कळलं ना मी काय म्हणते? त्यांच्यासमोर जपून.

जमालुद्दीन : मावशी बरोबर बोलतात, बुवा. कागद साहेबांना गेला, बास. इथं कुणाला काही कळायची गरज नाही.

शिवदास : गंगूबाई, तुम्ही मघाशी म्हणालात, माझ्याकडे बघवत नाही.

गंगूबाई : म्हणाले. अजूनही बघवत नाही. म्हणून काय तुम्हाला उपाशी पाठवू गावी? घरच्या माणसासारखे आहात. शिरा केलाय, तोंडात घाला दोन घास आणि वीणा घ्या. पण आख्यान कुठलं लावणार, ते आधी सांगा मला.

शिवदास : तेच.

जमालुद्दीन : बुवा!

शिवदास : तेच लावतो. आज फक्त पहिल्यापासून सांगतो.